सहा चमच्यांचे नातूसाहेब

“स्टॉप! स्टॉप धिस! पडदा पाडा!”

पहिल्या रांगेतल्या लाल सोफ्यावरून प्रमुख पाहुणे उठले होते आणि ओरडत होते. पाहुण्यांची उंची साडेसहा फूट. ते उभे राहिल्याबरोबर मागच्या अकरा रांगांना रंगमंच दिसेनासा झाला. गळ्यात हार, खांद्यावर शाल आणि हातात सत्काराचा नारळ. तो नारळ त्यांनी असा उगारला होता की मंडळाचे अध्यक्ष हळूच समईच्या मागे सरकले. मी रंगमंचावर. अंगात आमच्या फोरमनचा खाकी बॉयलर सूट, नाकाखाली काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोनी तुकडा आणि उजवा हात समोर ताठ. हात खाली घ्यावा की तसाच ठेवावा हे सुचेना, म्हणून कुणाला तरी पंखा बंद करायला सांगतोय असा चेहरा करून मी उभा राहिलो.

मस्कतमधल्या आमच्या गणेशोत्सवातली ही संध्याकाळ. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असावं. माझा तो आयटम दरवर्षी व्हायचा. टूथब्रशएवढी मिशी ठेवणारा तो जर्मनीचा हुकूमशहा (त्याचं नाव मी इथे घेत नाही, पुढे मला तशी शपथ घालण्यात आली) गाला इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपचा मॅनेजर होऊन येतो आणि आम्हा कामचुकारांना सुतासारखं सरळ करतो, अशी वीस मिनिटांची नक्कल. लोक हसून खुर्च्यांवरून पडत. एका वर्षी एका गर्भार बाईंना माझ्या तिसऱ्या विनोदालाच दवाखान्यात न्यावं लागलं, मुलगा झाला. आणि कार्यक्रम संपल्यावर पुण्या-मुंबईचे चांगले शिकलेले, टाय लावणारे लोक माझी पाठ थोपटून म्हणत, “काही म्हणा, माणसात शिस्त होती हो!” त्या वर्षी साक्षात जर्मन पाहुणा मिळाला म्हणून समितीने आयटम मुद्दाम शेवटी ठेवला होता. पाहुण्याच्या देशाचा मान म्हणून!

बरं, समिती बेसावध होती असंही नाही. रांगोळीतलं स्वस्तिक बघून पाहुण्यांना कसंसं होईल म्हणून त्यावर कुंडी ठेवली होती. पाहुण्यांनी आल्याआल्या ती कुंडी स्वतः उचलली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, “हे तुमचंच आहे. आम्ही ते उचलून नेलं आणि घाण केलं. तुम्ही कशाला लपवता?” टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या टाळ्या मिळाल्यावर पुढचा खड्डा कुणाला दिसणार?

त्यांनी माझा आयटम बुडवला ते मी केव्हाच माफ केलं. पुढे त्यांनी आमच्या घरातल्या एका घंगाळाकडे बोट दाखवलं, ते मात्र मला अजून पचलेलं नाही. त्यासाठीच तर हे लिहायला बसलो.

नातूसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते होते आमच्या कॉम्प्रेसरच्या जर्मन कंपनीचे इंजिनिअर, वय अठ्ठावीस. गालाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षांसाठी आले होते. दर तिसऱ्या वाक्याला “माझे आजोबा...” असं सुरू करायचे, म्हणून आमचे फोरमन दाऊदभाई त्यांना ‘नातू’ म्हणू लागले. गोरा रंग, घारे डोळे आणि हे नाव, पुण्याहून नव्याने आलेल्या एका बाईंनी तर त्यांना “सांगलीचे का तुम्ही?” असं विचारलंसुद्धा. ते इंग्रजीत बोलायचे. मी आपला मराठी करून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये आले. मला वाटलं, नोकरी गेली. ते स्टुलावर बसले. गुडघे त्यांच्या कानांपर्यंत आले. “ओरडलो त्याबद्दल माफी मागतो,” ते म्हणाले. “थांबवलं त्याबद्दल नाही. आता मला सांगा, त्या माणसात तुम्हाला काय आवडतं?”

“शिस्त,” मी म्हणालो. आमच्याकडे या प्रश्नाचं एवढं एकच उत्तर छापून येतं.

“कुठली शिस्त?”

आता कुठली म्हणजे? मी गाड्या वेळेवर सुटत असतील वगैरे काहीतरी पुटपुटलो. “सुटायच्या,” नातूसाहेब म्हणाले, “आणि त्या गाड्यांत कोण होतं?” मग त्यांनी मला त्यांच्या टेबलाच्या खणातली एक डबी आणून दाखवली. आत चांदीचे सहा चमचे. दांड्यांवर दोन अक्षरं कोरलेली, आणि ती नातूसाहेबांच्या घराण्याची नव्हती. लहानपणी आजोबांकडे दर रविवारी ते याच चमच्यांनी गोड खात. आजोबा सांगत, लग्नात कुणा सरदाराने भेट दिली. अठराव्या वर्षी शाळेत प्रकल्प म्हणून गावाचे जुने कागद चाळताना नातवाला कळलं, की गल्लीतल्या एका ज्यू कुटुंबाला (कागदात नाव खोडलेलं) एका सकाळी गाडीत घालून नेलं, ते परत आलं नाही, आणि त्यांच्या घरातलं सामान पुढच्या आठवड्यात चौकात लिलावात निघालं. लिलावाला रांग होती. आजोबा त्या रांगेत होते. जाब विचारला तर आजोबा म्हणाले, “चोरलेलं नाही. पावती आहे.”

नातूसाहेबांनी सहाही चमचे उचलले, आणि तेव्हापासून ते त्या कुटुंबाचं कोण उरलंय हे शोधत होते. अमेरिका, अर्जेंटिना, इस्रायल, कुठे कुठे पत्रं लिहीत. ओमानमध्येही ती डबी बरोबर. स्वतः मात्र दही खायचे प्लास्टिकच्या चमच्याने. तो प्लास्टिकचा चमचा उन्हात वितळून लवंगेएवढा झाला तरी त्यांनी डबीला हात लावला नाही.

त्यांच्या जिवाला खरा ताप दिला तो आमच्या कौतुकाने. मस्कतमध्ये पाऊल ठेवल्यापासून जो भेटेल तो अभिनंदन करी. टॅक्सीवाला म्हणे, “जर्मनी? ग्रेट मॅन!” किराणावाला म्हणे, “असा एक आम्हाला पाहिजे होता.” आणि प्रत्येक अभिनंदनाला नातूसाहेब चाळीस मिनिटं उत्तर देत. रुवीला जायला निघालेला एक टॅक्सीवाला ते ऐकत ऐकत दीडशे किलोमीटरवरच्या निझवाला पोचला. आमच्या अर्बाबांनी, म्हणजे वर्कशॉपच्या ओमानी मालकांनी, पहिल्याच भेटीत तोच मान केला. नातूसाहेबांनी त्यांनाही सोडलं नाही. अर्बाबांनी दहा मिनिटं ऐकलं, मग “खलास, या अखी, खलास,” म्हणजे ‘पुरे, भावा, पुरे’ म्हणत त्यांच्या तोंडात हलव्याचा गोळा कोंबला. नातूसाहेबांनी तो गिळला आणि राहिलेली तीस मिनिटं पूर्ण केली.

शिस्त मात्र या माणसात होती, आणि ती आम्हाला सोसत नव्हती. शुक्रवारी भर दुपारी, सत्तेचाळीस अंशांत, गालाच्या रिकाम्या रस्त्यावर ते पादचाऱ्यांच्या लाल दिव्याला थांबत. एकदा दिवा बिघडलेला होता. दाऊदभाईंनी तासाभराने जाऊन त्यांना हाताला धरून पलीकडे आणलं; बुटांचे तळवे डांबरातच राहिले. “साहेब, बघनारा कोन नाय होता,” दाऊदभाई म्हणाले. “म्हणूनच,” नातूसाहेब म्हणाले.

वर्कशॉपमध्ये मशीन मोडलं की आमचा अहवाल ठरलेला: ‘नैसर्गिक झीज’. फारच गळ्याशी आलं तर ‘ऑपरेटरची चूक’, आणि ऑपरेटर तोपर्यंत सुट्टीवर केरळला गेलेला असे. नातूसाहेबांनी हे बंद पाडलं. एकदा एक मोठा कॉम्प्रेसर फुटला. देवाच्या कृपेने कुणाला लागलं नाही, फक्त छपराचा पत्रा उडून माबेलाच्या दिशेने गेला तो अजून यायचाय. कुणी केलं हे त्यांनी विचारलंच नाही. सगळ्यांना रांगेत उभं करून त्यांनी एकच विचारलं: “कुणाला माहीत होतं?” शेवटी दाऊदभाई म्हणाले, “बेरिंगचा आवाज तीन हप्ते येत होता, साहेब. आयकला सगल्यांनी. बोलला कोन नाय.” नातूसाहेबांनी अहवालात कारण लिहिलं: ‘सगळ्यांना ऐकू येत होतं.’ जर्मनीहून फॅक्स आला, की असा सुटा भाग आमच्या यादीत नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना म्हणालो, “साहेब, तुमचा जन्म युद्धानंतर पंचवीस वर्षांनी. तुमचा काय दोष?”

“दोष नाही,” ते म्हणाले. “जबाबदारी आहे.”

“म्हणजे जेवलो नाही, पण भांडी घासणार!”

सगळं वर्कशॉप हसलं. नातूसाहेबांनी घास खाली ठेवला, विचार केला, खिशातली वही काढली आणि मला ते वाक्य सावकाश पुन्हा सांगायला लावलं. “एग्झॅक्टली,” म्हणाले, आणि लिहून घेतलं. विनोदाचा एवढा अपमान माझ्या हयातीत दुसऱ्या कुणी केलेला नाही.

सगळे जर्मन असेच असतात असं समजू नका. त्यांची धाकटी बहीण एका डिसेंबरात आठ दिवसांसाठी आली होती. वाळवंटात उंटावर बसली, समुद्रात डुंबली, खूप हसायची. चमच्यांचं निघालं तशी म्हणाली, “शाळेत दरवर्षी हेच. इतिहासात हेच, भाषेत हेच, सहलीलाही हेच. गणितात तेवढं नव्हतं. मला कळलंय, मी विसरणार नाही, पण मला आता आईस्क्रीम खाऊ दे.” मला ती पोरगी फार आवडली. नातूसाहेब म्हणाले, “तू खा. चमचे माझ्याकडे आहेत.” तिने मुकाट्याने कोन मागवला.

आता घंगाळाकडे येतो.

आमच्या दिवाणखान्यात एक तांब्याचं घंगाळ होतं. आंघोळीचं पाणी काढायचं, दोन कड्यांचं, एवढं मोठं की त्यात मी आठव्या वर्षापर्यंत मावत असे. आईने हट्टाने विमानात घालायला लावलं, कारण ‘घराण्याची वस्तू’. मस्कतच्या सीब विमानतळावर कस्टमवाल्याला ती तोफ वाटली. मस्कतमध्ये घंगाळाचा उपयोग काय? उन्हाळ्यात इथे गार पाण्याचा नळ सोडला तरी चहा होतो. म्हणून माझ्या बायकोने, शैलाने, त्यात प्लास्टिकची फुलं ठेवली आणि कोपऱ्यात शोभेला उभं केलं.

एका शुक्रवारी नातूसाहेब जेवायला आले. त्यांना धातूचं वेड. पुरणपोळी सोडून ते घंगाळासमोर उकिडवे बसले, बोटाने काठ चाचपला आणि म्हणाले, “इथे काहीतरी कोरलंय. तुमच्या आजोबांचं नाव?”

भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत. त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं: ‘सौ. यमुना हरी लिमये’. मी अक्षरं शिकलो ती शाळेत नव्हे, या घंगाळावर. रोज सकाळी डोक्यावरून पाणी आणि डोळ्यांपुढे ‘य’. आमचं आडनाव लिमये नाही, आमच्या चौदा पिढ्यांत कुणी लिमये नाही. पण या प्रश्नासाठी माझ्याकडे एक झकास गोष्ट तयार होती, आणि ती मी रंगवून सांगितली. यमुना म्हणजे साताऱ्याची नामांकित गाणारीण. आमच्या आजोबांच्या मिशांवर भाळली. एका बैठकीत आजोबांनी दाद दिली, तिने जाताना घंगाळ दिलं. ही गोष्ट मी शैलालाही लग्नानंतर सांगितली होती. दाऊदभाईंना सांगितली तेव्हा ते आजोबांच्या मिशांचा फोटो मागत महिनाभर मागे होते.

नातूसाहेब हसले नाहीत. “आमच्याकडे सरदार होता,” ते म्हणाले.

“काय?”

“चमचे देणारा. तुमच्याकडे गाणारीण आहे.” मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो ते कॉम्प्रेसरपुढे विचारत. “कुणाला माहीत होतं?”

माझं डोकं फिरलं. इंग्रजीत कुणाला ‘अरे-तुरे’ करता येत नाही याची मला त्या दिवशी पहिल्यांदा चीड आली. मी पोळी ताटात आपटली आणि ओरडलो, “हे बघा, तुमचं ते लाखोंचं, आमचं खेड्यातलं. त्याची याची तुलना करू नका! आणि काय झालं असेल ते असेल, मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो!”

“मीही नव्हतो,” नातूसाहेब म्हणाले.

शैला म्हणाली, “तूप वाढू का?” पण कुणी ताट पुढे केलं नाही. तुलना ते करत नव्हतेच, हे मला कळत होतं. जाताना दारात त्यांनी तेवढंच सांगितलं: “तुलना नाही. फक्त नाव वाचलं.”

पुढे त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. हीच त्यांची लबाडी! रोज स्टोअरमध्ये येत, बेअरिंग मागत, थँक यू म्हणत आणि जात. माणसाने टोमणा मारला तर उलटा मारता येतो. थँक यूला काय मारणार? घरी शैलाने फुलं काढून घंगाळाला एक चादर घातली. चादरीखाली ते जास्तच मोठं दिसू लागलं. मी लोकांना नक्कल करून दाखवणं बंद केलं. अध्यक्ष म्हणाले, “यंदा आयटम?” म्हटलं, घसा बसलाय. घसा दोन वर्षं बसला.

शेवटी एका सकाळी आईला फोन लावला. गावाकडे नुकताच फोन आला होता, त्यामुळे ती अख्ख्या सातारा जिल्ह्याला ऐकू जाईल अशी बोलत असे. मी विचारलं, “आई, लिमये कोण?” आणि तिचा आवाज एकदम लहान झाला.

अठ्ठेचाळीस साल. जानेवारीअखेर दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या, मारणारा ब्राह्मण निघाला आणि आमच्या भागात गावोगावच्या ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. ज्यांचा त्या गोळ्यांशी काही संबंध नाही, त्यांचीसुद्धा. लिमये आमच्या गावचे मास्तर. रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी बायकोमुलांना घेऊन निघाले, पुण्याकडे गेले म्हणतात, ते परत आलेच नाहीत. हे मला माहीत होतं का? म्हटलं तर नव्हतं. आमच्या आळीत एका मोकळ्या जागेला अजूनही ‘मास्तरांचं जळकं’ म्हणतात, आणि तिथे आम्ही क्रिकेट खेळायचो. कोण मास्तर हे कुणी विचारत नसे.

“तुझ्या आजोबांनी पेटवलं नाही रे,” आई म्हणाली. “देवाशपथ. ते घरात होते. ते फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. सगळंच गाव गेलं होतं.”

मी नातूसाहेबांना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांचं सामान बांधणं चाललं होतं. चार वर्षं संपली होती. वाटलं होतं, ते आता भाषण करतील, निदान वही काढतील. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “माणसं सापडतील?”

“पुण्यात लिमये म्हणजे,” मी म्हणालो, “जर्मनीत ढग शोधण्यासारखं आहे.”

“एका गावचे मास्तर,” ते म्हणाले. “एवढं पुष्कळ आहे. माझ्याकडे दोनच अक्षरं आहेत.”

विमानतळावर दाऊदभाई, मी आणि अर्बाबसुद्धा गेलो होतो. अर्बाबांनी हलव्याचा डबा दिला. गंमत म्हणून एक गोळा त्यांच्या तोंडात घातलाच. चमच्यांची डबी यंत्रातून गेली तेव्हा शिपायाने ती उघडायला लावली. “तुझे?” त्याने विचारलं. “नाही,” नातूसाहेब म्हणाले, आणि मग अर्धा तास त्या शिपायाला समजावत बसले. विमान त्यांच्यासाठी थांबलं. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. निदान फार नाही. ते वाकून आत गेले, आणि मी एवढा बडबड्या माणूस, हात वर करून नुसता उभा राहिलो. तो चपापून लगेच खाली घेतला.

मास्तर लिमये सापडायला मला दीड वर्ष लागलं. मास्तर आणि यमुनाबाई केव्हाच गेले होते. मुलगा पुण्यात, बँकेतून निवृत्त झालेला. आमच्या मंडळातल्याच एकाच्या सासऱ्यांचा शेजारी निघाला. नंबर मिळाला, पण मी तो आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. एका शुक्रवारी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, घंगाळावरची चादर काढली आणि त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन फोन लावला. शैला दारात उभी राहिली.

माझं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट न रंगवता सांगितली. गाणारीण नाही, मिशा नाहीत. “तुमच्या घरातलं घंगाळ आमच्याकडे आहे. आजोबांनी उचलून आणलं. त्यावर तुमच्या आईंचं नाव आहे. मी मे महिन्यात येतोय. घेऊन येतो. माफी मागतो.” एवढंच होतं ते. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

फोन कटला असं वाटून मी “हॅलो” म्हणणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “नावाच्या उजव्या बाजूला, कडीखाली, पोचा आहे?”

मी खुर्चीवरून उठून वाकलो, बोट फिरवलं. “आहे.”

“तो मी पाडला होता. विटी लागून. आईने मारलं होतं.”

शैला खुणेने विचारत होती, काय म्हणाले? पुण्याच्या बाजूने कुणीतरी कुकरखालचा गॅस बंद केला.

“मग घेऊन येऊ ना मे महिन्यात?” मी विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “आमच्याकडे गीझर आहे.”